आशाबाईवरचा तिसरा आरोप

पेठ रोडच्या वस्तीत संघर्षच्या डाव्या हाताची हकिकत तीन तऱ्हांनी सांगितली जाई. तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर एकही दुसरीशी पुरती जुळत नसे. जुळत असे ती एकच बाब, चूक आशाबाईची.

पहिली तऱ्हा देवरामबाबाच्या ओट्यावर बसणाऱ्यांची. देवराम हा पेठच्या डोंगरातून तरुणपणी नाशकात मजुरीला आलेला आणि पुढे इथेच राहिलेला हाडवैद. मोडलेलं हाड जागेवर बसवावं, हिरवा लेप थापावा, बांबूच्या कामट्या लावाव्यात आणि वरून पट्टी करकचून बांधावी, एवढी त्याची विद्या. ती त्याला बापाकडून मिळाली होती. पैसा तो घेत नसे. पट्टी पाच दिवस सोडायची नाही, ही एकच अट. संघर्ष सात वर्षांचा असताना भाजीच्या हातगाडीवरून पडला आणि त्याचं कोपराखालचं हाड मोडलं, तेव्हा आशाबाईने त्याला देवरामकडेच नेलं. वस्तीत तेव्हा सगळेच नेत. तिसऱ्या दिवशी तिने पट्टी सोडली, पोराला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी हात कापला. ओट्याचा निष्कर्ष असा, की पट्टी राहिली असती तर हात राहिला असता. या एका हाताने देवरामचं नाव जेवढं झालं, तेवढं त्याने बसवलेल्या शेकडो हाडांनी झालं नव्हतं. पोराच्या रडण्याला कंटाळून कोणी बाई पट्टीच्या गाठीला हात घालू लागली, की शेजारचं कोणीतरी म्हणे, "आशीच्या पोराकडं बघ आधी."

दुसरी तऱ्हा तिच्या नवऱ्याची, पुंजारामची. तो सिन्नरच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या कामावर होता आणि आठवड्याचे सहा दिवस तिकडेच राही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पट्टीचं एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण बाप जिवंत असताना त्याला न विचारता लेकराचा हात कापायच्या कागदावर सही करायची? हे त्याने दोन वर्षं जेवताना, उठताना, पाहुण्यांसमोर विचारलं. मग तो सिन्नरलाच राहू लागला, आणि कालांतराने तिथे त्याचा दुसरा संसार उभा राहिला.

तिसरी तऱ्हा सासरच्या बायकांची. तिच्यात वरच्या दोन्ही होत्याच, शिवाय आशाबाईने कामट्या उपसताना हाड पुन्हा मोडलं, अशी भर होती. ही भर घालणाऱ्यांपैकी एकही बाई त्या दिवशी नाशकात नव्हती. तरी सर्वांत जास्त चालली ती हीच.

आशाबाईची स्वतःची अशी तऱ्हा नव्हती. कोणी विचारलंच तर ती म्हणे, "झालं ते झालं." हंगामात ती पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मणी निवडायला जाई, उरलेल्या महिन्यांत सातपूरच्या एका खानावळीत पोळ्या लाटी. दर बुद्धपौर्णिमेला ती देवरामबाबाला वाटीभर खीर नेऊन देई. ती खीर म्हणजे माफी आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. देवराम वाटी घेऊन म्हणे, "जाऊ दे बाय. मानसाच्यानंच चुकतं." म्हाताऱ्याचं मन केवढं मोठं, असं मग गल्ली म्हणे.

अशी चौदा वर्षं गेली, आणि आशाबाईच्या धाकट्या मुलीला, रोशनीला, मराठवाड्यातल्या एका शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळाली.

वस्तीच्या कमानीवर फलक लागला. त्यावर रोशनीचा फोटो मध्ये आणि नगरसेवकपदाच्या इच्छुकाचा त्याहून मोठा. महाविद्यालय सुरू व्हायला अवकाश होता. इतरांच्या मुली या दिवसांत कपडे घेतात, म्हणून आशाबाईने विचारलं, "काय आणायचं तुला?"

"पुस्तकं."

"हाडाबिडांची?"

"नाही. कायद्याची आणि नीतीची."

पुस्तकांच्या दुकानात आशाबाई उंबऱ्याजवळच उभी राहिली. संघर्ष मात्र गल्ल्यावर टेकून उभा होता. तो आता एकवीस वर्षांचा. झेरॉक्सच्या दुकानात बसून अख्ख्या वस्तीचे ऑनलाइन अर्ज एका हाताने भरून देई. दुकानदार ललितशेठ गमत्या माणूस होता.

"मॅडम, अजून गळ्यात स्टेथोस्कोप पडला नाही, आणि वकिलाची तयारी?" तो म्हणाला. "हे पुढच्या वर्षांत लागतं. पहिल्या वर्षाला सगळे शरीररचनेचं नेतात. हे बघा, रंगीत चित्रं."

"मला वैद्यकीय कायदा आणि वैद्यकीय नीती पाहिजे. जेवढी आहेत तेवढी दाखवा."

"शेठ, दाखवा," संघर्ष म्हणाला. "पाहिल्याशिवाय ती हलणार नाही, आणि ती हलल्याशिवाय आम्ही. फक्त भरताना पिशवी मजबूत द्या. माझा एकच हात आहे आणि तो मोबाइलसाठी राखीव आहे."

ललितशेठ हसला आणि मग हसावं की नाही या विचाराने थांबला. संघर्षला लोकांचं हे थांबणं आवडत असे.

तीन पुस्तकं फळीवर आली. एक जाडजूड, डॉक्टरांना लागणाऱ्या कायद्यांचं. दुसरं प्रश्नोत्तरांचं गाइड. तिसरं नीतीचं, अंगाने बारीक, आणि त्यात घडलेल्या प्रकरणांच्या नमुन्यादाखल हकिकती. रोशनीने एकाचंही पहिलं पान पाहिलं नाही. प्रत्येकाची शेवटची शब्दसूची काढून ती तेच तेच दोन-तीन शब्द शोधत राहिली. जाड्या पुस्तकात अल्पवयीनाच्या संमतीवर एक संपूर्ण प्रकरण निघालं. गाइडात ते दोन ओळींत उरकलं होतं. बारीक पुस्तकाच्या सूचीत तिचं बोट एका ठिकाणी थांबलं, तिने पान उलटलं, उभ्याउभ्याच वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे आणि हे," ती म्हणाली.

"गाइड न्या की. परीक्षेला तेच येतं. सगळी उत्तरं आहेत त्यात."

"उत्तरं आहेत. कारणं नाहीत."

आशाबाईला तेव्हाच कळलं, की पोरगी पुस्तकं निवडत नव्हती. ती चौकशीला बसली होती. आणि चौकशी कोणाची, हेही तिला कळलं. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "माझं काही आहे का त्यात?"

"वाचून सांगते," रोशनी म्हणाली.

रोशनी अशीच होती. लहानपणी तिला भाऊ आणि त्याचा हात यांबद्दल ज्यानं-त्यानं वेगळं सांगितलं होतं, आणि तिने त्यांतलं काहीही मानलं नव्हतं. ती नकार देत नसे. फक्त विचारी, तुम्ही तिथं होतात का? या सवयीमुळे ती नातेवाइकांत फारशी कोणाची लाडकी नव्हती.

जाड्या पुस्तकाचा निकाल आठवडाभरात लागला. आशाबाई पीठ मळत होती. रोशनी शेजारी पाट घेऊन बसली आणि पोस्टातलं पत्र वाचून दाखवावं तशा सुरात म्हणाली, "सहीचं बघितलं. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. जिवाला धोका असेल तर जो पालक हजर असेल त्याची पुरते. तोही नसता तर डॉक्टर संमतीवाचून कापू शकले असते. पप्पांना विचारायला थांबली असतीस तर सडलेल्या हाताचं विष अंगभर चढून दादा गेला असता."

आशाबाईचे हात पिठात थांबले. "म्हणजे सही बरोबर?"

"बरोबर."

"छापलंय असं?"

"छापलंय."

"पुन्हा सांग."

रोशनीने पुन्हा सांगितलं. आशाबाईने त्या दिवशी शेजारच्या जैतुनबीला हाक मारून कारण नसताना गरम पोळी दिली. जैतुनबी भिंतीला भिंत लावून राहणारी, संघर्षला अंगाखांद्यावर खेळवलेली म्हातारी. "आज क्या हुआ गं तुला? अशी खिदळतेस, जसा सासरा मेलाय," ती म्हणाली. आशाबाई खिदळत नव्हती. पण चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं.

बारीक पुस्तकाला वेळ लागला. रोशनी ते पान काढी, वही घेई, काही लिही, मिटून ठेवी. शेवटी आशाबाईनेच विचारलं.

"पट्टीचं काय?"

"एक प्रकरण आहे. आपल्यासारखंच. लहान मुलगा, मोडलेला हात, गावच्या वैदूची घट्ट पट्टी. त्यात लिहिलंय, बोटं गार पडली, काळवंडली, की पट्टी सोडलीच पाहिजे. वैदू काहीही म्हणो. पट्टी सोडणाऱ्याची चूक नाही. बांधणाऱ्याची आहे."

आशाबाईने पुस्तक हातात मागितलं. अक्षरं इंग्रजी होती. तिने नुसतीच पानावरून बोटं फिरवली. "कुठल्या ओळीत?" रोशनीने ओळ दाखवली. ओळ पानाच्या मध्यावर होती आणि मजकूर पुढे पान संपेपर्यंत जात होता, पण तिकडे आशाबाईचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. पाहिजे ती ओळ तिला सापडली होती. ती बोट ठेवून बसून राहिली, मग एकाएकी म्हणाली, "त्यांना बोलवायचं."

"कोणाला?"

"तुझ्या बापाला. देवरामबाबाला. विहारात तुझा सत्कार आहे रविवारी, तेव्हा येणारच आहेत दोघंही. तिथून घरी चहाला आणायचं. तू हे वाचायचंस त्यांच्यासमोर."

"मम्मी, नको."

"का नको?"

"तुला कळलं ना? बास की. त्यांना सांगून काय मिळणार?"

आशाबाईला राग आला. चौदा वर्षांत तिला राग येण्याची सवय उरली नव्हती, त्यामुळे तो नीट बाहेरही पडला नाही. "तुला काय माहीत काय मिळणार? तुझ्या बापानं मला भरल्या मांडवात विचारलंय, हात काय भावानं विकलास. मी मान खाली घालून ताट वाढत होते. तू वाचणार आहेस."

रोशनीने तिच्या बोटाखालचं पुस्तक काढून घेऊन मिटलं. सांगावं की न सांगावं, याचा तिने तेव्हा विचार केला असावा. नंतर काय घडलं त्यावरून एवढाच तर्क करता येतो. ती म्हणाली, "ठीक आहे."

रविवारी विहारातला कार्यक्रम लांबला. इच्छुक उमेदवाराने भाषणात रोशनीचं नाव दोनदा चुकवलं. उन्हं कलायच्या आत मंडळी घरी आली. पुंजाराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता आणि 'माझी पोरगी, माझी पोरगी' करत होता. देवरामबाबा दाराशी टेकून बसला. त्याचे गुडघे आता धड वाकत नव्हते. जैतुनबी बोलावण्याची वाट न पाहता खाटेवर येऊन बसली होती. संघर्ष भिंतीला पाठ लावून उभा.

आशाबाईने चहा दिला. मग ती म्हणाली, "रोशनी काहीतरी वाचणार आहे. दोघांनी ऐकायचं."

"इंग्लिशमधी?" पुंजाराम कौतुकाने हसला. "वाच पोरी. आमच्या डोक्यावरून जाईल, पण वाच."

"मराठीत सांगते, पप्पा."

तिने आधी जाडं पुस्तक घेतलं. संमतीचं सगळं सांगितलं. पुंजारामचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

"म्हंजी बापाची सही लागत नाय?"

"हजर नसलेल्या बापाची लागत नाही."

"घ्या!" जैतुनबीने मांडीवर थाप मारली. "हाजिरच नव्हता तर सही कुठून आणणार? सिन्नरहून कबुतर पाठवलं असतं का?"

संघर्ष हसला. देवरामही तोंडातल्या तोंडात हसला. पुंजाराम म्हणाला, "बरं. असंल. कायदा हाय तर हाय." आणि पेढा तोंडात टाकला.

मग रोशनीने बारीक पुस्तक उघडलं. वैदूची घट्ट पट्टी, गार पडलेली बोटं, आणि ती ओळ. आता खोलीत कोणी हसलं नाही. देवरामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मंग माझी पट्टी..."

"घट्ट होती, बाबा," रोशनी म्हणाली.

"आमचे बापानं शिकवला तसाच बांधला मी. कोन्ही सांगितला नाय आजवर."

आशाबाई उठली. या क्षणाची तिने मनात कितीतरी वर्षं तयारी केली होती, आणि तयार केलेली वाक्यं आता एकही आठवत नव्हती. ती देवरामसमोर जाऊन उभी राहिली. "मी खीर आणत होते तुम्हांला," ती म्हणाली. "दर बुद्धपुनवेला. तुम्ही खात होतात आणि मला माफ करत होतात. गोड लागत होती का, बाबा?"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. आशाबाईला बरं वाटलं. त्याच्या टक्कल पडलेल्या डोक्याकडे, टोपीवर थांबलेल्या बोटांकडे ती बघत राहिली आणि तिला आणखी बरं वाटलं. "यंदापासून नाही आणणार," ती म्हणाली.

"पुढं काय हाय?" पुंजारामने विचारलं.

तो रोशनीकडे नव्हे, पुस्तकाकडे पाहत होता. आयुष्यभर तयार मालाच्या खोक्यांवर शिक्के मारणाऱ्या माणसाची नजर होती ती. नुसता वरचा थर बघून त्याने कधी शिक्का मारला नव्हता. "तुझं बोट मधी हाय आन् पान खालवर भरलंय. उरलेलं वाच की."

"पुढचं वैद्यकीय आहे, पप्पा. तांत्रिक."

"असू दे. आम्ही पण ऐकू डॉक्टरचं."

"मम्मी," रोशनी म्हणाली. एवढंच. पण ते तिने ज्या तऱ्हेने म्हटलं, त्यावरून दुसरी एखादी बाई सावध झाली असती. आशाबाई नुकतीच जिंकली होती.

"वाच," ती म्हणाली. "सगळं वाच. आता कोणाच्या बापाला भ्यायचंय?"

रोशनीने वाचलं. ती चाचरली नाही, की घाईनेही वाचलं नाही. "पट्टीखालचा रक्तपुरवठा थांबल्यावर स्नायू साधारण सहा तास तग धरतात. त्यानंतरचं नुकसान भरून येत नाही. या मुलाला पहिल्याच रात्री असह्य वेदना होत होत्या. तो पट्टी सोडा म्हणून रडत होता. घरच्यांनी वैदूच्या सूचनेमुळे ती सोडली नाही. त्या रात्री पट्टी सैल केली असती, तर हात बहुधा वाचला असता. तिसऱ्या दिवशी ती सोडणं योग्यच होतं, पण तोवर हात वाचवण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग उरला नव्हता."

तिने पुस्तक मिटलं.

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. पुंजारामने विचारलं, अगदी शांतपणे, "आपला रडत होता का? पैल्या रात्री?"

उत्तर दिलं ते जैतुनबीने. तिला वाटलं, बिचारीच्या बाजूने बोलायची हीच वेळ आहे.

"रडत होता? अरे, सारी गल्ली जागी होती! मी स्वतः उठून आले. म्हटलं, आशा, खोल दे, बोटं बघ कशी बर्फ झालीत. तर ही म्हणते, बाबांनी मना केलंय, खाला, पाच दिवस खोलायची नाही. उशाशी बसून पंखा घालत होती रातभर. हिचा काय गुनाह? बाबानं मना केलं, हिनं ऐकलं."

ती आजूबाजूला पाहत राहिली, कोणी मान डोलावेल म्हणून. कोणी डोलावली नाही.

"म्हंजी तुला सांगितलं होतं," पुंजाराम आशाबाईला म्हणाला. "शेजारनीनं सांगितलं. पोरानं सांगितलं. बोटं गार, हे तुझ्या हाताला लागत होतं. आन् तू पंखा घालत बसली."

"पप्पा," रोशनी म्हणाली, "कायद्याने जबाबदारी बाबांची आहे. नोंदणी नसताना उपचार केले. मम्मीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. सामान्य माणसाकडून तेवढी अपेक्षा..."

"म्हाताऱ्याला काय धरते? तो अडाणी. मी सिन्नरला. घरात कोण होतं?" पुंजारामचा आवाज चढलाच नाही. त्यात एक समाधान होतं. खोक्याच्या तळाशी सापडतील असं वाटत होतं ते खराब नग त्याला सापडले होते. "मी येड्यासारखा सहीवरनं भांडत बसलो. सही तर बरोबरच होती." त्याने खिशातून मोबाइल काढला. "पान धर पोरी. फोटो काढू दे. आत्याला पाठवतो."

रोशनीने पान धरलं नाही. त्याने तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं, चाळून पान काढलं, दोन फोटो काढले, आणि कडेने मुडपलेला कोपरा काळजीने सरळ करून पुस्तक परत ठेवलं. "चांगली पुस्तकं निवडलीस," तो म्हणाला.

संघर्षने बहिणीला विचारलं, "दुसरीकडे काय दिलंय? तास तेवढेच?"

"तेवढेच आहेत. आणखी एका ठिकाणी पण पडताळून पाहिलं."

"बरं," संघर्ष म्हणाला आणि बाहेर गेला.

देवराम उठला तेव्हा त्याला आधार द्यायला कोणी पुढे झालं नाही. वस्तुतः त्या खोलीत सर्वांत मोठा दोष त्याचा होता, छापील होता. पण तो दाराबाहेर पडला तेव्हा लोक आशाबाईकडे पाहत होते. सोमवारी सकाळी त्याच्या ओट्यावर नेहमीप्रमाणे दोन माणसं येऊन बसली. त्यांतला एक खांदा धरून होता.

सगळे गेल्यावर आशाबाईने कप गोळा केले. विसळले. पालथे घातले. मग ती रोशनीसमोर येऊन बसली.

"तुला हे आधीच माहीत होतं."

"दुकानातच वाचलं होतं."

"आणि मला अर्धंच सांगितलंस."

"तू अर्ध्यावरच सुखी झालीस," रोशनी म्हणाली. "मी थांबले. पुस्तकात एक मुद्दा आहे. सगळं सत्य सांगून पेशंटला अपाय होणार असेल, तर डॉक्टरने ते काही काळ..."

"मी काय तुझी पेशंट आहे?"

रोशनीने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं.

"बरं, मग आता सांग," आशाबाई म्हणाली. "कायदा राहू दे. तू तिथं असतीस, माझ्या जागी. बाबांनी बजावलंय. नवरा घरी नाही. तो रडतोय. सोडली असतीस?"

मुलगी विचारात पडली, आणि हे पाहणंच आशाबाईला सगळ्यात जड गेलं. नुसती थाप मारून मोकळी झाली असती तर चाललं असतं.

"हो," रोशनी म्हणाली. "मी सोडली असती."

पुढच्या दिवसांत वस्तीत चौथी तऱ्हा तयार झाली. पुंजारामच्या बहिणीने फोटो पुढे पाठवला होता. इंग्रजी पान कोणी वाचलं नाही, पण त्याखाली तिने चार ओळी मराठीत लिहिल्या होत्या, त्या सर्वांनी वाचल्या. पोरगं रात्रभर ओरडत होतं आणि आशीने पट्टी सोडली नाही. आधीची तऱ्हा यामुळे मोडीत निघाली असं मात्र झालं नाही. नळावरच्या बायका सकाळी म्हणत, हिने पट्टी सोडली म्हणून हात गेला. आणि संध्याकाळी त्याच म्हणत, हिने पट्टी सोडली नाही म्हणून हात गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी कोणाचं अडलं नसतं. जैतुनबी एकटी भांडत राहिली, आणि ती जितकी भांडे तितक्या वेळा त्या रात्रीचं वर्णन करी.

आशाबाईने कोणालाही काही सांगितलं नाही. पण आता 'झालं ते झालं' असंही ती म्हणेना. खानावळीत पोळ्या लाटताना ती मध्येच थांबे. मालकीण विचारी, काय गं? ती पुन्हा लाटू लागे. चौदा वर्षांत कोणी कधी न केलेला आरोप होता तो. नवऱ्याने नाही, सासूने नाही, गल्लीने नाही. आणि पहिल्या दोन आरोपांच्या वेळी तिच्या मनाच्या तळाशी एक जागा होती, जिथे ती निर्दोष होती. तिथे ती कधी कोणाला घेऊन गेली नव्हती. पण ती जागा आहे एवढं तिला पुरत असे.

रोशनी जायच्या आदल्या दिवशी घरात ट्रंक भरणं चाललं होतं. दुपारची वेळ. संघर्ष दुकानातून लवकर आला होता. एका हाताच्या माणसाला स्वतःची नखं कापता येत नाहीत. त्या एकाच हाताची ती असतात. संघर्षची नखं आशाबाई कापत आली होती, हात गेला तेव्हापासून. ती नेलकटर घेऊन त्याच्याजवळ बसली.

"आण."

त्याने हात पुढे केला नाही. तो रागावलेला दिसत नव्हता. उलट त्याचा चेहरा नेहमीपेक्षा सौम्य होता, जसा तो दुकानात अर्ज चुकलेल्या म्हाताऱ्यांशी बोलताना असे.

"राहू दे, मम्मी. रोशनी कापेल."

रोशनीने ट्रंकेतून डोकं वर काढलं. आशाबाई नेलकटर धरून तशीच बसली होती.

"आणि ती गेल्यावर?"

"बघू," संघर्ष म्हणाला, आणि हात बहिणीपुढे धरला.